मूळ गाव नाहीगाव

रंगनाथ माळोदेच्या हातून त्याच्या आजोबांचं जे काही झालं, त्याची सुरुवात कसरीपासून झाली. कसर म्हणजे कपड्यांना आणि कागदांना लागणारी ती रुपेरी कीड, जी उजेड दिसला की सुळकन पळते. (दुसरी कसर, म्हणजे उणीव, ती रंगनाथमध्ये लग्नाच्या आधीपासूनच होती असं त्याची बायको प्रतिभा म्हणते. तिचं म्हणणं पुढे येईलच. आपण थांबवून ते थांबणारं नाही.)

२००२ सालचा उन्हाळा होता. भाच्याच्या लग्नात नेसायची म्हणून प्रतिभाने आपली येवल्याची पैठणी काढली, घडी मोडली आणि ती मटकन पलंगावर बसली. पदरावरच्या दोन मोरांपैकी एकाला मुंडकंच उरलं नव्हतं. तिने आरडाओरडा केला नाही. ती गप्प बसली, आणि तिच्या गप्प बसण्याची रंगनाथला जास्त धास्ती वाटते. संध्याकाळपर्यंत सगळं कपाट उपसून झालं, आणि कसरीचा माग वर माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीपाशी जाऊन थांबला. पेटीत रंगनाथच्या आजोबांच्या वह्या होत्या.

"एक तर या घरात ही पेटी राहील, नाहीतर माझ्या साड्या," प्रतिभा म्हणाली. "काय ते तुम्ही ठरवा."

ठरवायची रंगनाथला सवय नव्हती. तो पाटबंधारे खात्यात कारकून होता. समोर आलेल्या कागदावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असं लिहून तो पुढच्या टेबलावर सरकवणं, यात त्याची निम्मी नोकरी गेली होती. ही पेटी सरकवायला पुढे टेबलच नव्हतं. तेव्हा आत काय आहे ते आधी पाहतो, असं म्हणून तो पेटीपाशी बसला.

आता या आजोबांविषयी, म्हणजे सावळीरामबाबांविषयी, सांगायला हवं. नाशिकजवळ मखमलाबादला त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. सकाळी झेंडू, शेवंती बाजारात विकून यायचे, जेवायचे, आणि दुपारभर विहिरीपाशी आंब्याच्या सावलीत बसून वहीत लिहायचे. शिक्षण मराठी चौथी. लिहा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लिहू नका असं सांगणारी आजी मात्र घरातच होती. बैलाचा रुसवा, सासुरवाडीचा पाहुणचार, गोदेचा पूर, देवाला फुकट आणि माणसाला विकत फुलं का, असं काहीही ते लिहायचे, आणि त्यातच अधूनमधून घराण्याचा इतिहास यायचा. भाषा जी तोंडात तीच वहीत. पहिल्या वहीची सुरुवातच अशी होती: "आमचे मूळ गाव नायगाव. तिथं पाणी नाय म्हनून नायगाव. माझा बाप लय खवीस होता. तो पाण्याच्या मागं चालत चालत मखमलाबादेला आला."

रंगनाथने एक पान वाचलं, मग दुसरं. जेवायला पहिली हाक आली तेव्हा तो एकटाच हसत होता. दुसरी आली तेव्हा डोळे पुसत होता. तिसरी हाक आलीच नाही, कारण प्रतिभाने ताट झाकून ठेवलं होतं. पण तोवर त्याचं ठरलं होतं. याचं पुस्तक काढायचं, घरातल्या प्रत्येक पोराच्या हातात द्यायचं, म्हणजे आपण कुठून आलो ते पुढच्या पिढ्यांना कळेल. कोणालाही न विचारता त्याने घेतलेला हा आयुष्यातला पहिला निर्णय होता, आणि त्यापुढे त्याने तशी सवय लावून घेतली नाही.

वह्यांच्या मध्यावर त्याला एक लेख सापडला, मथळा नुसता 'साळू'. साळू म्हणजे बाबांची एकुलती मुलगी, रंगनाथची आत्या साळूबाई. तिला देवळ्याला दिली होती. आता ती ऐंशीच्या घरात होती, आणि डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं तेव्हाही तिला वाचता येत नव्हतं, कारण बाबांनी मुलांना शाळेत घातलं आणि तिला फुलं तोडायला ठेवलं. बाबा तिच्याशी आयुष्यात दोन गोड शब्द बोलले नव्हते. मात्र शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले होते, तुझ्यावर लिवलंय मी. काय लिहिलंय ते विचारायची तिला भीती वाटली, आणि नंतर वाचून दाखवायला कोणाला सवड झाली नाही. तेव्हापासून ते लिहिलेलं कधीतरी आपल्या कानावर पडेल, या आशेवर ती होती.

रंगनाथने तिला फोन केला. लेख सापडला म्हटल्यावर पलीकडे तिने घरातल्यांना गप्प बसायला सांगितलं. मग ती म्हणाली, "वाच."

तेव्हाच वाचून दाखवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रंगनाथला आता पुस्तकाचं वारं लागलं होतं. फोनवर नको आत्या, म्हणाला, पुस्तक होऊ दे, सगळ्या भावकीसमोर तुझ्या हातात देतो आणि मग वाचतो. आत्या म्हणाली, बरं. माहेरच्या माणसांना बरं म्हणायची तिला सवय होती.

नाशकातल्या द्वारकेच्या चौकात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या वर तरन्नुम नावाची बाई मराठी टायपिंगची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, शुभेच्छांची पोस्टरं, कांद्याच्या गोण्यांवरची लेबलं, सगळं ती करायची. बाबांचं अक्षर तिला लागेना. (ते बाबांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे, असं आजी सांगायची.) म्हणून असं ठरलं की ऑफिस सुटल्यावर रंगनाथने शेजारी बसून वाचायचं आणि तिने ऐकून टाइप करायचं. सगळा पावसाळा त्याने खालच्या ट्रकांच्या हॉर्नमधून बाबांची वाक्यं ओरडून वाचली. दोनदा मुद्रितं तपासली. कानामात्रेची चूक उरली नाही. भाद्रपदात काम पूर्ण झालं, आणि प्रतिभाने पेटीची आठवण केली.

वह्या आता जवळजवळ हातातच विरत होत्या. रद्दीवाल्याला द्यायला रंगनाथचा जीव होईना. घरात ठेवायला प्रतिभाचा होईना. तेव्हा त्याला एक विचार सुचला, आणि तो त्याला इतका थोर वाटला की सुचल्यावर तो थोडा वेळ खिडकीत उभा राहिला. बाबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या होत्या. मग त्यांची अक्षरंही तिथेच का नको?

"झेरॉक्स तरी काढून ठेवा," प्रतिभा म्हणाली.

"कशाला? कॉम्प्युटरमध्ये आहे सगळं," रंगनाथ म्हणाला. "कॉम्प्युटरला कसर लागत नाही."

सर्वपित्री अमावस्येला त्याने पेटी उचलली, जुन्या धोतरात पालथी केली, गाठ मारली आणि गाठोडं घेऊन तो गंगेवर गेला. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) गाठोडं वाटलं होतं त्यापेक्षा जड लागलं. बाबांच्या विचारांचं वजन, असं तो मनात म्हणाला, आणि कुंडात उतरून त्याने ते दोन्ही हातांनी सोडलं. थोडं तरंगलं, मग बुडालं. घरी येऊन त्याने पोटभर खीर खाल्ली.

इथपर्यंत सगळं नीट होतं. मग प्रस्तावना आली.

प्रस्तावना लिहिली होती विनायकराव खैरनार सरांनी. ते एका माध्यमिक विद्यालयाचे निवृत्त मुख्याध्यापक होते आणि प्रकाशनाचे प्रमुख पाहुणेही तेच होते. प्रस्तावनेत त्यांनी लेखनाची तोंड भरून स्तुती केली होती. पण सोबत जोडलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पुस्तकातली भाषा शुद्ध असणे खूप गरजेचे आहे. लय, नाय, हाय हे शब्द छापील पानावर शोभत नाहीत. आणि जन्मदात्याला बाप म्हणणे तर मुळीच बरे नव्हे. हा मुद्दा प्रस्तावनेतही घातला आहे, तरी त्याप्रमाणे करावे.

रंगनाथला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मनातून तेच त्याला पहिल्यापासून टोचत होतं. ऑफिसात साहेबांना पुस्तक द्यायचं, प्रतिभाच्या पुण्याच्या माहेरी पाठवायचं, आणि पहिल्याच पानावर बाबा म्हणणार, माझा बाप लय खवीस होता. तो तडक द्वारकेला गेला. हे चार शब्द सगळ्या पुस्तकातून काढून शुद्ध शब्द घालायला किती महिने लागतील, असं त्याने तरन्नुमला विचारलं.

"महिने कशाला? आत्ता होतं," ती म्हणाली. "एकेक बघत बदलू, का सगळं एकदम?"

"एकेक कशाला? एकदमच करा."

"सर, सगळीकडे बदलेल हं. जिथं जिथं ती अक्षरं दिसतील तिथं."

"सगळीकडेच पाहिजे," रंगनाथ म्हणाला.

तिने जिथे लय होतं तिथे खूप घातलं, नायच्या जागी नाही, हायच्या जागी आहे, आणि बापाच्या जागी वडील. किती ठिकाणी बदल झाले ते कॉम्प्युटरने लगेच सांगितलं. आकडा बघून रंगनाथ खूश झाला. त्याच्या ऑफिसात एवढे बदल एका पिढीत होत नाहीत. मुद्रितं तर दोनदा तपासून झालेलीच होती, तेव्हा ती फाइल तशीच छापखान्यात गेली.

दसरा-दिवाळीला फूलवाल्यांच्या घरी एकही माणूस मोकळा नसतो, म्हणून प्रकाशन दिवाळीनंतरच्या रविवारी ठेवलं. मखमलाबादच्या मळ्यातली फुलांची शेड झाडून घेतली, सतरंज्या घातल्या, बाबांच्या फोटोला शेवंतीचा हार घातला. मळा सांभाळणारा रंगनाथचा चुलतभाऊ चिमाजी सगळीकडे पळत होता. तरन्नुमलाही मानाने बोलावलं होतं. देवळ्याहून साळूआत्या आली, नवं लुगडं नेसून, आणि फोटोच्या अगदी पायाशी बसली. छापखान्यातून प्रतींचे गठ्ठे सकाळीच आले होते. ते सोडायला रंगनाथला वेळच मिळाला नाही.

खैरनार सरांनी फीत सोडली, टाळ्या झाल्या, प्रती वाटल्या गेल्या. सरांनी सवयीने आधी आपली प्रस्तावना काढली, खाली आपलं नाव पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग पुस्तक मिटून ते छताच्या पत्र्याकडे पाहत राहिले. प्रस्तावनेखाली छापलं होतं: विनाहीकराव खैरनार, निवृत्त मुख्याध्यापक, माध्यमिक विद्याखूप.

रंगनाथला अजून काही कळलं नव्हतं. तो भाषणाला उभा राहत होता, तेवढ्यात चिमाजी मोठ्याने वाचायला लागला. चिमाजीला मोठ्यानेच वाचायची सवय आहे.

"आमचे मूळ गाव नाहीगाव," चिमाजी म्हणाला. "तिथं पाणी नाही म्हनून नाहीगाव. माझा वडील खूप खवीस होता." तो थांबला. "दादा, आपलं गावच नाही का रं?"

मग सगळ्यांनीच पुस्तकं उघडली आणि जो तो आपल्याला सापडलेलं शेजाऱ्याला वाचून दाखवू लागला. बाबा अनुस्वार देत नसत. 'रानात पाणी आलय' असं ते लिहायचे, ते आता 'रानात पाणी आखूप' झालं होतं. विहिरीच्या बादलीला नाहीलॉनची दोरी होती. पुराच्या दिवशी गोदेला प्रखूप आला होता आणि सगळं गाव डोंगरावरच्या देवाखूपात राआहेला गेलं होतं. बापूकाका वडीलूकाका झाले होते. थोरल्याला पाचवीला आहेस्कूलात घातलं होतं. आणि गणेश चतुर्थीच्या लेखात सगळी आळी घसा फोडून ओरडत होती, गणपती वडील्पा मोरया. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, आखूप म्हंजी किती? कोणीतरी त्याला समजावलं, लयपेक्षा जास्ती.

शेड हसण्याने दणाणली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रंगनाथ हातात भाषणाचा कागद धरून उभा होता. त्याला वाटलं, बाबांचं आयुष्य आपण वाचवायला निघालो आणि भावकीसमोर त्याचा तमाशा करून ठेवला. बसायलाही जागा उरली नव्हती, कारण त्याच्या खुर्चीवर उरलेल्या प्रती होत्या.

"हसू नका," साळूआत्या म्हणाली. तिने हळूच म्हटलं, तरी सगळे गप्प झाले. "रंगा, माझं वाच."

रंगनाथने पान काढलं. आधी डोळ्यांनीच ते वरपासून खालपर्यंत तपासलं, आणि त्याला हायसं वाटलं. या एका पानावर काही मोडतोड झाली नव्हती. प्रत्येक शब्द शुद्ध होता. त्याने घसा साफ केला आणि वाचलं: "साळू माझी खूप गुणाची आहे. तिला शाळेत घातली नाही, चुकलं माझं."

आत्याने मान पुढे केली होती, ती तशीच राहिली. सगळे तिच्याकडे पाहत होते. प्रतिभाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"ही कोन साळू?" आत्या म्हणाली.

"तूच की, आत्या."

"माझा बाप जन्मात खूप म्हणला नाय. सासरी मी शे म्हणते, माहेरी हाय म्हणते. आहे आमच्यात कोन म्हणतं ते तरी दाव." ती रागावली नव्हती, आणि रंगनाथला तेच सोसवेना. "तू घातलंस ना हे मधी? म्हातारीला बरं वाटावं म्हनून."

"नाही गं. हे बाबांचंच आहे. मी नुसते शब्द बदलले."

"शब्द बदलले, मंग राह्यलं काय?" आत्या म्हणाली. तिने हात पुढे केला. "वही दाव. मला दिसत नाय, पन चिमाजी वाचंल."

वह्या कुठे आहेत हे रंगनाथला सांगावं लागलं. बाबांच्या फोटोसमोर आणि सगळ्या भावकीसमोर त्याने सांगितलं. आता कोणी हसलं नाही. चिमाजीने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

रंगनाथला एकदम तरन्नुम आठवली. तिने तर अक्षर न् अक्षर टाइप केलं होतं. तो म्हणाला, विचारा हिला, वहीत काय होतं ते हिला माहीत आहे. तरन्नुम उठून उभी राहिली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि त्या दिवशीच्या तेवढ्या खरेपणासाठी रंगनाथने तिला कधी माफ केलं नाही.

"सर, वह्या मी कुठं वाचल्या?" ती म्हणाली. "तुम्ही बोलत होता, मी टाइप करत होते."

साळूआत्या जेवली आणि संध्याकाळच्या एसटीने देवळ्याला गेली. जाताना प्रत बरोबर न्यायची ती विसरली. चिमाजीने आठवण केली, तेव्हा म्हणाली, राहू दे, पोरांना हसायला.

त्यानंतरचे दिवस रंगनाथचे वाईट गेले. आपल्या आत्याच्या वाट्याचं एकुलतं एक खरं वाक्य आपल्याकडे आहे, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय, बाबांच्या निळ्या शाईतलं, आणि ते खरं आहे हे जगात कोणालाही पटवता येत नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तो दोनदा रामकुंडावर जाऊन पाण्याकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या वेळी एका गुरुजींनी त्याला गाठून कोणाचं करायचंय असं विचारलं. माझंच करा, असं म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं.

शेवटी तो द्वारकेला गेला. जुनी फाइल आहे का? नव्हती, बदललेली त्याच नावाने त्याच जागी ठेवली होती. उलटं करता येईल का? येईल, तरन्नुम म्हणाली, खूप दिसलं की लय, वडील दिसले की बाप. तिने केलं. नाहीगाव परत नायगाव झालं, पाणी आलय झालं, बाप्पा परतले. पण कॉम्प्युटर या दिशेनेही तितकाच इमानी होता. वडीलधारी मंडळी बापधारी झाली आणि लग्नातला आहेर हायर झाला. हे या वेळी रंगनाथने एकेक शब्दावर बोट ठेवून दुरुस्त केलं. प्रस्तावना तेवढी पाहायची राहिली. नवी प्रत खैरनार सरांना पोचली तेव्हा त्यात त्यांच्या सहीने छापलं होतं की पुस्तकातली भाषा शुद्ध असणे लय गरजेचे हाय. सर त्यानंतर रंगनाथशी बोललेले नाहीत.

नव्या छपाईची पहिली प्रत हातात येताच रंगनाथ देवळ्याला गेला. आत्या कांद्याच्या चाळीपाशी बसून हाताने चाचपत कांदे निवडत होती, नरम एकीकडे, घट्ट एकीकडे. सुनेला म्हणाली, पावना शे, पानी आन. रंगनाथ शेजारी बसला आणि काही न बोलता त्याने वाचलं: "साळू माझी लय गुणाची हाय. तिला शाळेत घातली नाय, चुकलं माझं."

कांद्यावरचा हात थांबला.

"परत वाच."

त्याने परत वाचलं. आत्याचा चेहरा हळूहळू उजळला, आणि इतक्या महिन्यांनी रंगनाथच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं.

"आता जमलं बघ," आत्या म्हणाली. "आता अगदी बापासारखं लिवलंस. पह्यल्या टायमाला तुला साधलं नव्हतं. लय मेहनत घेतली तू, रंगा."

"आत्या, हे मी नाही लिहिलं. देवाशपथ बाबांनीच लिहिलंय."

"असू दे रं," तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझा बाप कुठून आसं म्हणनार. तू म्हणलास, त्यात आलं."

पुरावा गंगेच्या तळाशी होता. आत्याने पुन्हा कांदे निवडायला घेतले, आणि थोड्या वेळाने, इकडेतिकडे कानोसा घेऊन, आवाज खाली आणून ती म्हणाली, "एवढं लिवतोच हायेस, तर अजून एक लिव्ह. बापानं मला लग्नात पाटल्या घातल्या, आसं लिव्ह. माहेराहून मोकळ्या हातानं आली, म्हनून सासूनं मला मरंपतुर ऐकवलंय."

रंगनाथने एसटीत सगळा रस्ता विचार केला. जे खरं होतं ते तिला खोटं वाटलं. मग एक खोटं तिच्यासाठी खरं करायला काय हरकत आहे? उरलेल्या प्रती छापायच्याच होत्या. त्याने तरन्नुमला जास्तीचं वाक्य सांगितलं: "साळूला लग्नात पाटल्या घातल्या, लय जड होत्या." तिने विचारलं, सर, हे वहीत होतं? तो म्हणाला, होतं. बाबांची भाषा एव्हाना त्याला खरोखरच साधली होती.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, साळूआत्या माहेरी आली. पुस्तक आता घरोघरी पोचलं होतं, आणि चिमाजीने ते या वेळी मनातल्या मनात, म्हणजे नीट, वाचलं होतं. पुरणपोळी खाता खाता त्याने विचारलं, "आत्या, त्या पाटल्या कुठं हायेत गं? आम्ही तर तुझ्या हातात कधी पाह्यल्या नाय."

रंगनाथने तोंडाकडे नेलेला घास ताटात ठेवला. आत्याने मात्र डोळे मिटले. सगळं लख्ख आठवत असल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"सासूच्या भ्यानं माहेरीच ठेवल्या मी," ती म्हणाली. "रंगाच्या बापापाशी."

पंगत रंगनाथकडे वळली. ते वाक्य बाबांचं नाही, ते मी स्वतः घातलं, असं त्याने कळवळून सांगितलं. चिमाजी शांतपणे म्हणाला, मागच्या टायमाला तर शब्द न् शब्द बाबांचा हाय म्हणत होतास. मग वहीच दाखव. तेव्हापासून भावकीतलं कोणी त्याच्याकडे आलं की चहा पिता पिता आधी माळ्याकडे बघतं.

प्रतिभाला निदान खरं काय ते माहीत होतं. वाक्य घालायच्या आधी त्याने तिला सांगितलं होतं. एवढा एक आधार धरून तो दिवस काढत होता. एका रविवारी तो ऑफिसातून आणलेल्या कागदांवर सादर, सादर लिहीत बसला होता, तेव्हा ती पेटी खाली काढून पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पेटी धोतरात पालथी केली ना, तेव्हा तळाशी आणखी काही नव्हतं ना, ते पाहिलं होतं का?"

रंगनाथने तोंड उघडलं. ते वाक्य त्याने स्वतःच्या डोक्याने रचलं होतं, देवळ्याच्या एसटीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तसाच तो थांबला. गाठोडं त्या दिवशी जरा जास्तच जड लागलं होतं, हे त्यालाही आठवत होतं.